आईने काकूंना दाखवलेला जपानी सिनेमा

माझी आई त्या वर्षी ऑगस्टमध्ये नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत बेलव्ह्यूला आली, सहा महिन्यांसाठी. तरुणपणी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायची. त्यामुळे तिचा आवाज अजूनही तीन खोल्या ओलांडून जातो आणि एकदा ऐकलेलं ती विसरत नाही. यातली दुसरी गोष्ट पुढे आम्हाला महागात पडली.

आमच्या अपार्टमेंटच्या मागे एक पार्क आहे. भारतातून मुलांकडे आलेले आई-वडील तिथे रोज सकाळी दहा वाजता फिरतात. आईला तिथे एक काकू भेटल्या. पुण्याच्या, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पार्कच्या पलीकडे चढावर त्यांच्या मुलाचं मोठं नवं घर आहे. काकू ताठ चालायच्या, स्पष्ट बोलायच्या आणि ऐकताना दुसऱ्याचं मराठी तपासायच्या. आई म्हणाली, "आज थंडी वाढून राहिली," की काकू म्हणायच्या, "वाढते आहे." आई ते सहन करत होती. चांगली सोबत होती आणि काकूंना पार्कातल्या सगळ्या झाडांची नावं माहीत होती.

खरं बिनसलं ते दिवाळीच्या फराळाला. आमच्या ओळखीतल्या दहा-बारा घरांनी एकत्र जमायचं ठरवलं होतं आणि आईने पुडाची वडी करायचं मनावर घेतलं. कोथिंबिरीच्या बावीस जुड्या आणल्या. दोन दिवस माझ्या घरातल्या सगळ्या टॉवेलांवर कोथिंबीर वाळत होती. खसखस, सुकं खोबरं, चारोळी, सगळं जमवून तिने साठ वड्या तळल्या. तिथे काकूंनी पहिली वडी उचलली, चष्म्यातून नीट पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा शाळेच्या आवाजात म्हणाल्या, "छान. म्हणजे हा कोथिंबिरीचा स्प्रिंग रोल."

लोक हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण मग जो तो "जरा ते स्प्रिंग रोल इकडे द्या" म्हणायला लागला. माझा नवराही म्हणाला. साठच्या साठ संपले. आईने एकही खाल्ला नाही. घरी आल्यावर रिकामा डबा घासताना फक्त एवढंच म्हणाली, की लोकांचं काही नाही, लोक जे ऐकतात ते बोलतात, पहिल्यांदा कोण बोललं ते महत्त्वाचं.

तीन आठवडे गेले. आई रोज काकूंबरोबर फिरत होती आणि रोज घरी येऊन मला काकूंनी त्या दिवशी काढलेल्या चुका सांगत होती.

माझी लेक तेव्हा आठवीत होती. तिने शाळेत जपानी भाषा घेतली होती आणि अभ्यास म्हणून जपानी सिनेमे बघायची. म्हणजे मला सांगताना तो अभ्यास असायचा. एका रविवारी दुपारी तिने एक भुताचा सिनेमा लावला. आई शेजारी शेंगा निवडत बसली होती. तिला खालची इंग्रजी अक्षरं तेवढ्या वेगाने वाचता येत नव्हती, म्हणून लेक तिच्या मोडक्या मराठीत गोष्ट सांगत होती.

गोष्ट अशी होती. डोंगरातल्या एका गावात एक बाई असते. तिची शेजारीण तिच्या बहिणीवर चोरीचा खोटा आळ घेते. बहीण गाव सोडते आणि वाटेत बर्फात मरते. ही बाई मग जंगलातल्या ओसाड देवळात जाते, आपल्या केसांची बट घंटेच्या दोरीला बांधते आणि सूड मागते. तिसऱ्या दिवशी शेजारणीच्या घरात गाद्या ठेवायचं भिंतीतलं कपाट हळूहळू सरकतं, आतून ओल्या केसांची एक बाई बाहेर येते आणि शेजारणीला ओढून आत नेते. इथपर्यंत सगळं मनासारखं होतं. पण मग ती भुताटकी परत जात नाही. जिने बोलावलं तिच्याच घरच्या कपाटात येऊन बसते. खात नाही, बोलत नाही, फक्त केसांतून पाणी टपकत राहतं.

आई अजिबात घाबरली नाही. शेजारणीला ओढून नेताना तिने शेंगा खाली ठेवल्या आणि तो भाग परत दाखवायला सांगितला. मग थोडा वेळ विचार करून मला विचारलं, की काकू कधी भुताचं काही बघतात का.

मी म्हटलं, त्या म्हणतात त्या कशालाच भीत नाहीत. पस्तीस वर्षं शाळा चालवलेल्या बाईला कोण घाबरवणार.

आईने मान हलवली. मग तिने मला एक गोष्ट सांगितली, जी तिने इतके दिवस मनात ठेवली होती. पार्कच्या रस्त्यावर एका घरासमोर हॅलोविनच्या सजावटीचा दुमजली उंचीचा हाडांचा सापळा उभा होता. घरमालकाने तो नोव्हेंबर सरत आला तरी काढला नव्हता. काकू तिथे आल्या की रोज रस्ता ओलांडायच्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, त्या बाजूला ऊन आहे. आई म्हणाली, "नोव्हेंबरात या गावात कोणत्याच बाजूला ऊन नसते बाप्पा."

तिने काकूंना शनिवारी दोन वाजता चहाला बोलावलं. सोबत एक जपानी सिनेमा बघू, कौटुंबिक आहे, शेजारधर्मावर आहे, असं सांगितलं. मी म्हटलं, आई, हे बरोबर नाही. ती म्हणाली, यातला एक शब्द तरी खोटा असेल तर दाखव. मला दाखवता आला नाही. शिवाय खरं सांगायचं तर मलाही गंमत वाटत होती, आणि तो माझा वाटा मी कबूल करते.

काकू बरोबर दोन वाजता आल्या, हातात केळ्याचे वेफर्स घेऊन. सोफ्यावर मधोमध बसल्या. आईला तेवढ्या वेगाने वाचता येत नाही म्हटल्यावर त्यांनी खालची वाक्यं वाचून तिथल्या तिथे शुद्ध मराठीत सांगायचं काम आपण होऊन घेतलं. "ती म्हणते आहे, माझ्या भगिनीवर अन्याय झाला." अर्धा तास असं छान चाललं. जपानी घरांची स्वच्छता त्यांना फार आवडली. मग कपाट सरकायला लागलं.

"ती म्हणते आहे," काकू म्हणाल्या, आणि पुढे काही आलंच नाही. त्यांचा हात आईच्या हातावर गेला. मी स्वयंपाकघरातून चहा घेऊन येत होते. काकूंनी डोळे घट्ट मिटले होते आणि त्यांच्या डोक्यावरून आई माझ्याकडे बघून हसत होती. सत्तरीच्या बाईच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद मी क्वचित बघितला आहे.

सिनेमा संपला तेव्हा पावणेचार झाले होते. आमच्याकडे त्या दिवसांत साडेचारला अंधार पडतो. काकूंनी आणखी एक चहा घेतला, मग आणखी एक. शेवटी मी त्यांना गाडीने घरी सोडायला निघाले. दारात गाडी थांबवली तर त्या उतरेनात. मुलगा ऑफिसच्या कामासाठी टेक्सासमध्ये प्लेनोला गेला होता. सून डॉक्टर, तिची हॉस्पिटलात रात्रीपर्यंतची शिफ्ट. काकू म्हणाल्या, अगं, घरात क्लॉझेट आहेत.

मी म्हटलं, हो, भिंतीतली कपाटं इथे सगळ्याच घरांत असतात.

"चौदा आहेत," त्या म्हणाल्या. "मी मोजली आहेत. तू जरा उघडून बघशील का?"

मी आत जाऊन एकेक क्लॉझेट उघडत गेले. काकू माझ्या मागे दोन पावलं होत्या. कोट, बूट, चादरी, ख्रिसमसचे दिवे. आठव्यात इस्त्रीचं टेबल नीट टेकवलेलं नव्हतं. दार उघडताच ते माझ्या खांद्यावर आलं आणि मी किंचाळले. मागे वळून बघितलं तर काकू नव्हत्या. त्या गाडीत बसल्या होत्या, सीट बेल्ट लावून. मांडीवर एक पिशवी होती. घाईत त्यात काय भरलं होतं ते नंतर कळलं: दोन साड्या, औषधांचा डबा आणि टीव्हीचा रिमोट.

आमच्या घरी परतल्यावर त्यांनी आईला सांगितलं, की तुम्हाला इथे एकटं वाटत असेल, म्हणून दोन दिवस सोबतीला राहते.

त्या नऊ दिवस राहिल्या.

मी सुनेला फोन केला. ती आधी काळजीत पडली, मग तिच्या आवाजात मला थोडं हायसं वाटल्याचं जाणवलं. राहू दे थोडे दिवस, म्हणाली. मुलाचं प्लेनोतलं काम तेवढ्यात लांबलं. आमचं घर दोन बेडरूमचं. आई लेकीच्या खोलीत झोपायची. लेकीचा पलंग काकूंना मिळाला आणि लेक हॉलमधल्या सोफ्यावर गेली. त्या खोलीत सरकत्या दारांचं क्लॉझेट होतं, अगदी सिनेमातल्यासारखं. काकूंनी ते बघितलं आणि दारातच थांबल्या. माझ्या नवऱ्याने दोन्ही दारं रुळावरून काढून बाल्कनीत ठेवली. नऊ दिवस लेकीचे सगळे कपडे उघड्यावर होते आणि त्यांची घडी कशी नाही यावर तिला रोज ऐकावं लागलं.

मुख्य प्रश्न बाथरूमचा होता. तिथेही टॉवेल ठेवायचं एक छोटं कपाट होतं. काकूंचं म्हणणं असं, की आईने दाराबाहेर उभं राहावं आणि बोलत राहावं, म्हणजे आहे ते कळेल. आई दोन मिनिटं बोलायची आणि मग विषय संपायचा. ती गप्प झाली की आतून लगेच प्रश्न यायचा, "आहात ना?"

"होल्ड करा, लाइन चालू आहे," आई म्हणायची.

मग काकूंनीच उपाय काढला. आईने पाढे म्हणायचे. एकवीसपासून पुढचे, कारण वीसपर्यंतचे फार लवकर संपतात. मी तेव्हा आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायचे. माझ्या मीटिंगा चालू असायच्या आणि मागे आईचा ट्रंक कॉलचा आवाज: एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर, एकोणतीस सत्ते एकशे त्र्याण्णव. आणि दाराआडून काकू: "दोनशे तीन. पुन्हा पहिल्यापासून." माझ्या मॅनेजरने एकदा हळूच विचारलं, की घरी काही प्रार्थना चालू आहे का. मी हो म्हटलं.

स्वयंपाकघर दुसऱ्याच दिवशी गेलं. काकूंना फुकट राहणं पटेना, म्हणून आमटी-भाजी मी करणार, असं त्यांनी जाहीर केलं. आमटीत गूळ, भाजीत गूळ, कोशिंबिरीत साखर. आई जन्मभर सावजी रस्सा खाल्लेली बाई. ती ताटात लसणाची चटणी घेऊन बसायची आणि गप्प जेवायची. माझा नवरा मात्र मिटक्या मारत दुसऱ्यांदा आमटी घ्यायचा. तो मूळचा सदाशिव पेठेतला. आईने त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला अजून आठवते.

पाचव्या दिवशी लेकीने आजीला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हणाली, "आजी, यू नो शी इज द घोस्ट, राइट?"

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग हळू आवाजात, म्हणजे तिच्या मानाने हळू, विचारलं, "मग तिला परत कसं पाठवते ते होतं का गं त्या सिनेमात?"

लेक म्हणाली, नाही, पाठवता येत नाही, दॅट्स द होल पॉइंट.

आठव्या दिवशी दुपारी आई आणि काकू पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी शेजारच्या खोलीत काम करत होते, दार उघडं होतं. काकू आईने घातलेली प्रत्येक घडी उलगडून परत घालत होत्या. आईचा बांध तिथे फुटला.

"ताई, तो सिनेमा मी मुद्दाम दाखवला तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्ही घाबरावं म्हणून."

काकूंचे हात थांबले. त्यांनी विचारलं, का.

आईने दिवाळीचं सगळं सांगितलं. बावीस जुड्या, खसखस, साठ वड्या आणि तो एक शब्द. मीही तेव्हा उठून दारात आले. काकू खरोखर आठवत होत्या. कपाळाला आठ्या घालून, खिडकीबाहेर बघत. त्यांना ते आठवतच नव्हतं. असं कुणी म्हटलं हेही नाही आणि आपण म्हटलं हेही नाही.

"स्प्रिंग रोल? मी म्हटलं?" त्या म्हणाल्या. आणि मग प्रामाणिकपणे विचार करून, "पण तो दिसत तसाच होता हो."

इतके आठवडे आईने जो राग मांडीवर घेऊन सांभाळला होता, त्याचा पत्ता समोरच्या बाईला नव्हता. ती हसेल की रडेल ते मला कळेना. तेवढ्यात काकू उठल्या. त्या म्हणाल्या, या देशात आल्यापासून चार महिन्यांत त्यांना एकट्यांना असं कुणी घरी चहाला बोलावलं नव्हतं. मुलाबरोबर बोलावतात, सुनेबरोबर बोलावतात. त्या शनिवारी त्या एक वाजताच तयार होऊन बसल्या होत्या. एवढं बोलून त्यांनी आपली पिशवी भरायला घेतली. त्या रात्री मात्र थांबल्या, कारण बाहेर अंधार होता, पण आईशी एक शब्द बोलल्या नाहीत. बाथरूमला गेल्या तेव्हा माझ्या लेकीला बाहेर उभं केलं. तिने इंग्रजीत पाढे म्हटले.

नवव्या दिवशी सकाळी काकू पार्कातून चालत घरी गेल्या. मी गाडीने सोडते म्हटलं, त्या नको म्हणाल्या. आई बाल्कनीत, त्या काढून ठेवलेल्या दारांच्या शेजारी उभी राहून बघत होती. तो सापळा अजून तिथेच होता, आता त्याला सांताची लाल टोपी घातली होती. काकू त्याच्या अगदी जवळून गेल्या. रस्ता ओलांडला नाही, वर बघितलंसुद्धा नाही. राग आला की माणूस कशाला भीत नाही, आई म्हणाली. आणि मग म्हणाली, की वाईट झालं.

पुढचे दोन दिवस काकू फिरायला आल्या नाहीत. घर शांत झालं. आईने तिखट झणझणीत रस्सा केला आणि अर्धाच खाल्ला. दुसऱ्या दिवशी लेक बाथरूममध्ये होती तर आई सवयीने बाहेर जाऊन उभी राहिली आणि एकतीसचा पाढा सुरू केला. आतून आवाज आला, "आजी, प्लीज."

तिसऱ्या दिवशी आईने फोन लावला. मी समोरच होते. पलीकडून काकूंनी उचलला. आई म्हणाली, मी बोलून राहिली. पलीकडून काकूंचा आवाज, "बोलते आहे." आईचा चेहरा तिथेच सैल झाला. पुढचं बोलणं मला नीट ऐकू आलं नाही, पण ते बराच वेळ चाललं. फोन ठेवल्यावर आईने सांगितलं, की काकू म्हणतात, शाळेत त्यांच्या बोलण्याचं कुणाला वाईट वाटलं तरी कुणी तोंडावर सांगायचं नाही, सगळे भीत. त्यामुळे आपण काय बोलतो ते तपासायची सवयच लागली नाही. दुसऱ्याचंच तपासत आले. यापेक्षा जास्त माफी त्यांनी मागितली नाही आणि आईनेही मागितली नाही.

मात्र काकूंची एक अट होती. त्यांना तो सिनेमा शेवटपर्यंत बघायचा होता. कपाट सरकल्यापासून त्यांनी डोळे मिटलेले होते. पुढे काय झालं ते माहीत नसल्यामुळे घरातल्या प्रत्येक क्लॉझेटमध्ये ते अर्धवट राहिलं होतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं.

शनिवारी सकाळी दहा वाजता, सगळे पडदे उघडून, घरातले सगळे दिवे लावून, आवाज अगदी बारीक करून आम्ही तो परत लावला. काकू आणि आई एकाच शालीत बसल्या होत्या. कपाट सरकायला लागलं तेव्हा काकूंनी डोळे उघडे ठेवले आणि खालची वाक्यं वाचत राहिल्या, थोड्या चढ्या आवाजात. भुताटकी बाहेर आली तेव्हा आईने त्यांना विचारलं, ठीक आहात ना, तर त्या म्हणाल्या, ठीक आहे, व्यत्यय आणू नका.

शेवट असा होता. ती बाई म्हातारी होते. सूड घेतल्यापासून तिच्या घरी कुणी आलेलं नसतं. एका हिवाळ्यात ती दिवा विझवते, कपाट उघडते, आत त्या ओल्या केसांच्या बाईशेजारी जाऊन बसते आणि आतून दार ओढून घेते. बाहेर फक्त लाकडी चपलांचे दोन जोड राहतात.

मला जरा गलबलून आलं होतं.

"म्हणजे दोघी आतच," काकू म्हणाल्या.

आई म्हणाली, "एवढ्याशा जागेत?"

मग दोघींची त्या कपाटाच्या मापावरून चर्चा सुरू झाली. काकूंचं मत पडलं, की दोन मोठ्या बायका बसतील, पण गाद्या आधी काढाव्या लागतील, आणि दिग्दर्शकाने ते दाखवायला हवं होतं. एकूण गोष्ट चांगली, मांडणी ढिसाळ, असा त्यांनी शेरा दिला. मग चहा झाला आणि दोघी फिरायला गेल्या.

आई जानेवारीच्या शेवटी परत गेली. काकू मार्चमध्ये पुण्याला गेल्या. त्यानंतर एकदा त्या रेल्वेने नागपूरला आईकडे जाऊन राहिल्या, संत्र्यांच्या दिवसांत. मी फोनवर आईला विचारलं, कसं झालं. ती म्हणाली, फार छान झालं, खूप हसलो, दीक्षाभूमी पाहिली, खूप फिरलो. मी म्हटलं, मग आणखी थोडे दिवस ठेवून घ्यायचं होतंस.

आई म्हणाली, नाही, चार दिवस पुरे. पाचव्या दिवशी ती स्वतः काकूंना स्टेशनवर घेऊन गेली, खिडकीची जागा बघून दिली, डब्यात भाकरी-ठेचा दिला आणि गाडी हलेपर्यंत थांबली.